कंपनीचा की जोडलेला

आमचे घरमालक कलिंगड कापून बघितल्याशिवाय घेत नसत, यात काही विशेष नाही. पण ते उशीसुद्धा उसवून बघितल्याशिवाय घेत नसत. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी माझं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि हे गृहस्थ अंगणात खुर्ची टाकून समोर बसले होते. माझा नवा मिक्सर खोक्यातच होता. तो त्यांनी मागून घेतला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत मिक्सरचं बूड उघडलं. आत टॉर्च मारून बराच वेळ बघितलं. "तांब्याची वायर हाय," असा निर्वाळा दिला आणि परत बंद करून माझ्या हातात ठेवला. एक स्क्रू उरला होता. तो त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. मिक्सर अजून चालतो, आणि तो स्क्रू कुठला हे मला अजून कळलेलं नाही.

भिवंडी संपता संपता खारबावच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. खाली यंत्रमागांचा कारखाना, पहिल्या मजल्यावर ते, दुसऱ्यावर मी. माग सुरू असले की माझ्या पाण्याच्या ग्लासात दिवसभर लाटा उठायच्या. जात आगरी, वडिलांच्या काळात जमिनी होत्या. भाऊबंदांनी आपापल्या जमिनींवर गोदामं उठवली आणि भाडी खात बसले. यांनी माग टाकले. उंच, काळेसावळे, सदा पांढरा शर्ट. खिशाला पेन लावावं तसा स्क्रू-ड्रायव्हर लावलेला. कामगार त्यांना शेठ म्हणत, मी दादा म्हणायचो.

घरही त्यांच्यासारखंच होतं. कपाटांना दारं नव्हती. पाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेरून. विजेच्या बोर्डाला झाकण नाही, आतल्या तारा आल्यागेल्याला दर्शन देत. मी एकदा भीतभीत म्हटलं, दादा, कुणाला शॉक बसेल. त्यावर ते म्हणाले, दिसतंय म्हणूनच कोणी हात लावत नाही. जे झाकलेलं असतं तेच माणसाला मारतं. हे त्यांचं आवडतं तत्त्व. बाजारात भाजीवाला, मासळीवाली, फॅन विकणारा, सगळ्यांना ते हेच ऐकवायचे. एका लग्नात आहेर म्हणून आणलेला घड्याळाचा डबा त्यांनी नवरा-नवरीसमोरच उघडला, यंत्र बघितलं, समाधान झालं, मग हातात दिला. लोक हसले. दादांना लोक हसल्याचं काही वाटत नसे, हा त्यांचा गुण म्हणायचा की काय म्हणायचं, मला ठरवता आलं नाही.

त्या घरात मला ठरवता न आलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्यांतली सगळ्यात मोठी म्हणजे कॉम्प्युटर. आजही कोणी विचारलं की सर, डेस्कटॉप कंपनीचा तयार घेऊ की सुटे भाग आणून जोडून घेऊ, तर मी विषय बदलतो.

कॉम्प्युटर हवा होता त्यांच्या मुलीला. दर्शना तिचं नाव. ठाण्याला जाऊन तिने कापडावरच्या डिझाईनचा कोर्स केला होता, लग्नाआधी इथल्या व्यापाऱ्यांना शर्टिंगच्या आणि साडीकाठांच्या डिझाईन करून द्यायची. मग लग्न झालं, खाडीपलीकडे बंगलेवाल्या घरात पडली, आणि मी राहायला यायच्या थोडं आधी एक बॅग घेऊन परत आली होती. का आली हे घरात कोणी बोलत नसे. मीही विचारलं नाही. भाडेकरूने पाणी कधी येतं एवढंच विचारावं. आता एक व्यापारी तिला कायमचं काम द्यायला तयार होता. अट एकच: मशीन स्वतःचं पाहिजे आणि जरा ताकदीचं पाहिजे. तो फार दिवस थांबणार नव्हता, दुसरी कोणी मिळते का तेही बघत होता.

एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "सर, सासरचे लोक बसायला येणार आहेत. मला परत न्यायचं बोलतील. हातात काम असलं तर बैठकीत मी बोलू शकते. काम नसलं तर माझ्याबद्दल बाकीचेच बोलतात."

म्हणजे प्रश्न नुसत्या खोक्याचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. दादांनाही कळलं होतं. त्यांनी जाहीर केलं, पोरीचं मशीन मी आणणार आणि सगळ्यात चांगलं आणणार. एवढं म्हणून ते माझ्याकडे वळले. मी शाळेत इतिहास शिकवतो. पण मुलांची हजेरी ऑनलाइन भरताना त्यांनी मला पाहिलं होतं, तेव्हापासून कॉम्प्युटर या विषयातला गावचा जाणकार मीच.

आम्ही आधी एका मोठ्या दुकानात गेलो. थंडगार दुकान, टाय लावलेला विक्रेता. त्याने तयार डेस्कटॉपची स्तुती आरतीसारखी न थांबता म्हटली. दादांनी ती ऐकून घेतली आणि खिशाकडे हात नेला. विक्रेता घाबरला. म्हणाला, काका, सील तुटलं तर वॉरंटी जाते. दादांनी स्क्रू-ड्रायव्हर परत खिशाला लावला, मला बाहेर नेलं आणि म्हणाले, उघडलं की जो रुसतो त्याला घरी नेऊन काय करायचं.

मग आम्ही सुटे भाग जोडून देणाऱ्याकडे गेलो. तिथे सगळंच उघडं होतं, त्यामुळे दादा खूश झाले. पण तिथे वेगळीच पंचाईत. त्या माणसाने विचारलं, प्रोसेसर कुठला? मदरबोर्ड कुठला? रॅम किती? ग्राफिक कार्ड लागेल का? एसएमपीएस किती वॉटचा? प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे पाच उत्तरं होती आणि प्रत्येक उत्तराला एक पण. हा घ्या, पण तापतो. तो घ्या, पण पुढच्या वर्षी जुना होईल. दादांनी मला विचारलं, रॅम आठ चांगली की सोळा? मी म्हटलं, सोळा. ते म्हणाले, मग आठ कोण घेतो आणि का घेतो? खरं तर ज्याने आठ घेतली असेल त्याला जाऊन भेटावं, असं मलाही वाटायला लागलं.

शाळेत विचारलं. विज्ञानाचे सर म्हणाले, सुटे भागच घ्या, स्वस्तात मस्त, उद्या एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. गणिताच्या बाई म्हणाल्या, कंपनीचाच घ्या, बिघडला तर एकालाच पकडता येतं. सुट्या भागांत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुख्याध्यापक म्हणाले, लॅपटॉप का नको? तिघांचंही मला पटलं, आणि जो माणूस तिघांचं पटवून घेतो तो घरी जाऊन काय सांगणार? मी दादांना तिन्ही मतं सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, सर, तुम्ही आमच्यापेक्षा गोंधळलेले.

शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीने निकाल लावला. त्यांच्या पिढीत भिवंडीत कोणी कोरा करकरीत माग आणत नसे. कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतला सांगाडा यायचा, एकीकडचं चाक, दुसरीकडची मोटर, तिसरीकडे सवलतीत मिळालेला एखादा दांडा. जेव्हा जे स्वस्त मिळेल ते उचलून कारखान्याच्या कोपऱ्यात टाकायचं. सगळं जमलं की मिस्त्री येतो आणि माग उभा करतो. एखादा भाग बसत नसला तर कानस मारायची, ढिला झाला तर वॉशर घालायचा. थोडे दिवस खडखडतो, मग रुळतो. सगळं शहर अशाच जोडलेल्या मागांवर चालत आलंय. मग कॉम्प्युटर म्हणजे काय मोठं?

दापोड्याच्या गोदामांत गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल लॉटने विकला जातो. तिथे दादांच्या ओळखी होत्या. एक दिवस कॅबिनेट आलं, म्हणजे कॉम्प्युटरचं बाहेरचं खोकं. मग मदरबोर्ड आला. मग कुणाच्या तरी भाच्याकडून प्रोसेसर. रॅमच्या दोन पट्ट्या, दोन वेगवेगळ्या जातींच्या. प्रत्येक भाग ते टॉर्च मारून बघत, मान डोलवत आणि खाटेखाली सरकवत. दर्शनाने एकदा सांगून पाहिलं, बाबा, हे एकमेकांना जुळायला लागतात. दादा हसले. म्हणाले, भिवंडीत आणलंय आणि जुळलं नाही, असं काय आहे ते दाखव.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं की तू ठामपणे का सांगत नाहीस. ती म्हणाली, "ते माझ्यासाठीच धावतात, सर. मी परत आले तेव्हा एका शब्दाने बोलले नाहीत. आता हे नको, ते नको कोणत्या तोंडाने सांगू?"

जुळणीचा मुहूर्त शुक्रवारचा धरला. शुक्रवारी माग बंद असतात, कारखान्यात एकदम शांतता होते आणि माझ्या ग्लासातलं पाणी स्थिर राहतं. खाली टेबलावर स्वच्छ कापडाचा तुकडा अंथरून त्यावर सगळे भाग मांडले होते. नवा माग उभा करताना करतात तसं काकूंनी, म्हणजे दादांच्या बायकोने, हळदकुंकू आणि फूल वाहिलं. मदरबोर्डला कुंकवाचं बोट लागलं. मिस्त्री उत्तर प्रदेशचा, हयात मागांवर गेलेली, हाताला तेलाचा वास. त्याने प्रोसेसर उलटा करून बघितला, त्याच्या पोटाखालच्या सुयांसारख्या पिना बघितल्या, मग मदरबोर्डवरची जागा बघितली.

"सेठ, इसका पाँव बैठता नहीं. थोड़ा घिस दूँ?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी दर्शनाकडे. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं सांगू? मला वाटलं, असेलही. इतके दिवस इतकी मतं ऐकून मला कशाचीच खात्री उरली नव्हती. कॉम्प्युटरला कानस मारत असतीलही. दादा म्हणाले, "घिस."

दर्शना पुढे झाली तोवर कानस फिरली होती. चार पिना वाकल्या, दोन तुटून कापडावर पडल्या. मिस्त्रीने त्या बोटाच्या पेरावर उचलल्या आणि खरोखर वाईट वाटून म्हणाला, "लोहा होता तो बैठा देता." दर्शना वर निघून गेली. काकूंनी टेबलावरचं फूल उचललं आणि त्याही गेल्या. मिस्त्री कानस टेबलावर ठेवून बाहेर पडला.

मीही निघालो होतो. दादांनी हाताने बसायला सांगितलं. बंद मागांच्या रांगेत आम्ही दोघंच. ते कानशीकडे बघत होते. मला वाटलं, माल देणाऱ्यांना शिव्या देतील.

"सर, तुमी मना येरा समजत असाल," ते म्हणाले. मी म्हटलं, वेडे कसले! ते ऐकत नव्हते. "पोरीचं स्थल बगायला मीच गेलतो. बंगला बगितला. गारी बगितली. ओटीवरचा झोपाला बगितला. चाय प्यालो नि हो बोलून आलो. आतमधी कोन कसा बोलतंय, कोन कुनावर हात उचलतंय, काय बगितलं न्हाय. बाहेरून समदं चांगलं दिसलं नि पोरीला त्या डब्यात टाकली. झाकन मीच लावलं."

मग त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मी इतिहास शिकवतो. होऊन गेलेल्या गोष्टींची कारणं सांगणं हा माझा धंदा. पण हे कारण इतके दिवस मला दिसलं नव्हतं. तो मिक्सर, त्या उशा, ती बिनदाराची कपाटं, लग्नातलं घड्याळ, ज्याला आम्ही सगळे हसत होतो ते सगळं मला एकदम वेगळं दिसायला लागलं. पुढे काकूंनीही सांगितलं की पोरगी परत यायच्या आधी हा माणूस असा नव्हता. पूर्वी दुकानदार देईल तो आंबा पिशवीत टाकून यायचा.

सासरहून निरोप आला की चार मोठी माणसं रविवारी बसायला येतील. शनिवारी सकाळी दर्शना माझ्या दारात उभी. म्हणाली, सर, चला माझ्याबरोबर. व्यापाऱ्याकडून तिने कामाची उचल घेतली होती. आम्ही त्याच थंडगार दुकानात गेलो. तिने त्या टायवाल्याला काय काय चालवायचं आहे ते सांगितलं, त्याने एका तयार मशीनकडे बोट दाखवलं, तिने हो म्हटलं. मी म्हणालो, अगं, दुसरी कंपनी तरी बघू, आणि ते सुटे भागवाले म्हणत होते की...

"सर, मला सगळ्यात चांगला नको," ती म्हणाली. "मला आज चालू होणारा पाहिजे."

खोकं घरी आलं. दादा त्याभोवती एक फेरी मारून आले. कॅबिनेटच्या मागे, झाकणाच्या सांध्यावर दुकानाचं चकचकीत सील चिकटवलेलं होतं. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ते हात मागे बांधून खाली कारखान्यात गेले. जेवायलाही वर आले नाहीत.

रविवारी माणसं आली. ओटीवर खुर्च्या मांडल्या, चहा फिरला. त्यांच्यातले एक, जावयाचे मामा, फार गोड बोलत होते. भांड्याला भांडं लागतंच, पोरीने मन मोठं करावं, गावात बरं दिसत नाही, वगैरे. मला वरून बोलावून बसवलं होतं, शिकलेला माणूस म्हणून. आतल्या खोलीत दर्शना कामाला बसली होती. मामांनी हाक मारली तशी ती बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी न्हाय येत. मना काम हाय, उद्या द्यायाचं हाय."

मामा हसले. तिला उत्तर न देता दादांकडे वळले आणि म्हणाले की शेठ, आता तुम्ही बोला. सगळे दादांकडे बघायला लागले. रॅम आठ की सोळा हे ज्याला इतके दिवस ठरवता आलं नव्हतं त्या माणसाला आता एका बशीभर चहात ठरवायचं होतं. दादांनी बशी खाली ठेवली. दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं.

"पोरगी बोलली ना? मग झालं."

माणसं गेली. जाताना मामांनी चप्पल घालता घालता ऐकवलं की जन्मभर पोसायला लागेल. दादांनी ओटीवरच्या खुर्च्या आत नेल्या. नंतर माझ्या मागोमाग जिना चढून आले आणि विचारलं, सर, मी बरोबर केलं ना? मी म्हटलं, अगदी बरोबर. ते म्हणाले, मग तिथे का नाही बोललात? थोड्या वेळाने परत आले. म्हणाले, चूक तर नाही ना झाली; एकदा हो बोलून चुकलो, आता नाही बोलून चुकलो तर? तिसऱ्यांदा आले तेव्हा मीच त्यांना हाताला धरून खाली नेलं, कारण आता मलाही कळेनासं झालं होतं.

दर्शना पडद्यावर साडीचा काठ भरत होती. आम्ही दारात उभे राहिलो. दादांची नजर टेबलाखालच्या त्या बंद कॅबिनेटवर होती. दोन दिवस तिथेच होती. तिने एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं, काम सेव्ह केलं, मशीन बंद केलं. वायरी काढल्या, कॅबिनेट उचलून खाटेवर आडवं केलं आणि ते सील नखाने टराटरा खरवडून काढलं.

मी न राहवून म्हटलं, अगं, वॉरंटी जाईल. ती जाऊ दे म्हणाली आणि वडिलांना जागा करून दिली.

दादांनी स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं. टॉर्च मारला आणि गुडघ्यावर बसून आत बघत राहिले. आत एक पंखा, थोड्या वायरी, एक हिरवी पाटी, आणि बाकी बरीचशी रिकामी जागा. त्यांनी वरून बघितलं, बाजूने बघितलं, बोट आत न घालता अगदी जवळून बघितलं. कपाळावरचा घाम त्यांच्या नाकावर आला होता.

"काय कलत न्हाय गं," ते शेवटी म्हणाले. "समदं उघरं हाय, तरी मना काय कलत न्हाय."

दर्शना त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.

"तवा उघरून बगितलं असतं तरी न्हाय कललं असतं, बाबा. मी तर आतमधी ऱ्हात व्हती, तरी मना कलायला वरीस गेलं."

तिने त्यांच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, झाकण लावलं आणि मशीन सुरू करून पुन्हा काठ भरायला बसली. तिच्या पाठीमागे ते कितीतरी वेळ तसेच बसून होते. हातातला टॉर्च सुरूच होता.